आमच्या गांवचें पानिपत खोटें निघालें



सहा वर्षांपूर्वीं याच पत्रांत माझा एक लेख आला होता. आमच्या गांवच्या कुंभाराच्या घराण्यांतील एक पुरुष इ. स. १७६१ सालीं पानिपतावर लढून पडला, असें त्यांत मीं छातीठोकपणें लिहिलें होतें. तो लेख कित्येक गांवीं चावडीवर वाचला गेला. दोन ठिकाणीं मला व्याख्यानास बोलावून नारळ-उपरणें दिलें. आमच्या गांवीं तर घरटीं वर्गणी काढून चावडीपुढें दगड बसविला, आणि दर संक्रांतीला त्या दगडाला हार पडूं लागला.

तो लेख चुकीचा आहे. तो कुंभार पानिपतास गेला नव्हता. पानिपत झालें तेव्हां तो जन्मला तरी होता कीं नाहीं कोण जाणे.

ही चूक दुसऱ्या कोणीं पकडली नाहीं. माझी मलाच ती सांपडली, आणि सांपडल्यावर दोन महिने मीं ती पोटांत ठेवली. आज लिहितों तें त्या दोन महिन्यांची लाज वाटते म्हणून. चूक कशी झाली तें आधीं नीट सांगतों, कारण तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असले कागद आहेत आणि ते वाचून देणारे माझ्यासारखे मास्तरही गांवोगांव आहेत.

कुंभाराच्या घरीं आढ्याला एक मडकें टांगलेलें होतें. त्यांत फडक्यांत गुंडाळलेले चार मोडी कागद. घरांत मोडी कोणासच येत नाहीं. मी ती माझ्या आजोबांजवळ शिकलों. ट्रेनिंग कॉलेजांत ती कोणीं शिकविली नाहीं. घरच्या आजींनीं स्वतः मडकें उतरवून माझ्यापुढें ठेवलें आणि म्हणाल्या, "मास्तर, आमच्या मामंजींच्या वक्तापासनं हे हितंच टांगल्यात. काय लिवलंय ते कुनी सांगितलं न्हाई. आता तुमी सांगा." घराण्याचें व त्या पुरुषाचें नांव मी येथें देत नाहीं. घरच्यांची इच्छा तशी आहे, आणि एकदां नांव छापून मीं जें केलें तेवढें पुरे आहे.

चारांपैकीं एक महजर होता. महजर म्हणजे गांवानें चावडीवर बसून केलेला निवाडा. खालीं सह्यांच्या जागीं निशाण्या: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, कुंभाराचें चाक. ज्याला लिहितां येत नाहीं त्यानें आपलें हत्यार काढावें, अशी ती जुनी रीत. मला ती फार आवडते. वर आरंभीं साल होतें आणि तेथेंच माझी गाडी घसरली.

जुन्या कागदांत साल बहुधा अरबी शब्दांत लिहीत. त्याला सुहूर सन म्हणतात. शेतकऱ्यास तो समजावयास सोपा, कारण मृग लागला कीं तें साल बदलतें. इहिदे म्हणजे एक, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. आधीं एकं, मग दहं, मग शतक, मग सहस्र, असा उलटा क्रम. निघालेल्या आकड्यांत मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळविले कीं इसवी सन येतो. हें गणित चौथींतला मुलगा करील. गणितांत मी चुकलों नाहीं.

मी चुकलों तो एका शब्दांत. अरबींत साठाला सितैन म्हणतात आणि नव्वदाला तिसैन. सि-तै-न आणि ति-सै-न. अक्षरें तींच, फक्त जागा बदललेल्या. मोडींत ऱ्हस्व-दीर्घ पाहत नाहींत, शब्द तोडून लिहीत नाहींत, आणि लेखणी न उचलतां ओळ पुढें धांवते. त्यांत आमच्या कागदाची घडी नेमकी त्या शब्दावर पडलेली. शाईचे पापुद्रे गेलेले. मीं कागद कंदिलापुढें धरला आणि वाचलें: इहिदे सितैन मया व अलफ. म्हणजे ११६१. म्हणजे जून १७६० ते मे १७६१.

त्या वर्षांत काय आहे हें मराठी मुलखांत पोराला सुद्धां सांगावें लागत नाहीं. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. १४ जानेवारी १७६१. माझें हृदय धडधडूं लागलें. पुढच्या ओळींत शब्द आले कीं अमुक कुंभार "भाऊंचे स्वारींत जनावरें घेऊन गेला तो कामास आला." आतां आणखी काय हवें होतें? साल पानिपताचें, स्वारी भाऊंची, माणूस परत आला नाहीं. त्या रात्रीं मला झोंप नाहीं. दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर लेख लिहावयास बसलों.

पाहा, त्या कागदांत पानिपत हा शब्द कोठेंही नाहीं. तो मीं घातला. तलवार हा शब्द नाहीं. ती मीं त्याच्या हातीं दिली. कागदांत "जनावरें" आहेत. मीं त्यांचा घोडा केला. कुंभाराच्या दारीं कोणतें जनावर बांधलेलें असतें हें खेड्यांत जन्मलेल्या मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण गाढव लिहावयास माझा हात धजला नाहीं. व्याख्यानांत तर मी "घोड्यावर मांड ठोकून" असें म्हणत असें आणि लोक टाळ्या वाजवीत. पाथरवटानें दगडावर ढाल, तलवार आणि घोडा कोरला तो माझ्याच सांगण्यावरून.

आतां चूक सांपडली कशी तें ऐका.

गेल्या उन्हाळ्यांत माळ्याच्या एका घराची जुनी भिंत पाडतांना कोनाड्यांत एक बासन निघालें. तें मजकडे आलें. त्यांत एक लहानसा करार होता. माळ्याच्या मळ्याच्या कडेची चिकण माती कुंभारानें न्यावी आणि तिच्या बदल्यांत विहिरीवरील रहाटाचीं गाडगीं त्यानें दरसाल पुरवावीं, फुटलीं तीं बदलून द्यावीं. असा साधा, गोड व्यवहार. साल स्वच्छ लिहिलेलें: शके १७०७, विश्वावसु नाम संवत्सरे. शकांत ७८ मिळविले कीं १७८५. आणि खालीं कुंभाराचें चाक काढून त्याच्याशेजारीं नांव: तेंच नांव, तोच बाप.

म्हणजे पानिपतावर पडलेला माझा वीर चोवीस वर्षांनीं आमच्या गांवीं रहाटाच्या गाडग्यांचा करार करीत होता.

माणसाचें मन कसें असतें पाहा. मला पहिला आनंद व्हावयास पाहिजे होता कीं एक नवा कागद मिळाला. तसें झालें नाहीं. मला त्या बासनाचाच राग आला. मग मी सबब शोधूं लागलों. आजोबाचें नांव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडे आहेच. तेव्हां हा नातू असेल, आणि त्याच्या बापाला पणजोबाचें नांव असेल, म्हणजे नांव आणि बापाचें नांव दोन्ही जुळतील! ही सबब मला इतकी पटली कीं चार दिवस मी तिच्यावर काढले. पांचव्या दिवशीं महजर पुन्हां वाचला. त्यांत मयताचा मुलगा "अज्ञान" आहे असें स्पष्ट लिहिलें आहे. १७६१ सालीं जो मुलगा अज्ञान, त्याचा मुलगा १७८५ सालीं करार करण्याइतका मोठा कसा असेल? चोवीस वर्षांत दोन पिढ्या कर्त्या होत नाहींत. सबब मेली.

तेव्हां मीं घडीचा तो कागद दुपारच्या उन्हांत उजेडाकडे धरला. आणि पहिलें अक्षर मला "ति" दिसलें.

तरीही माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास उरला नव्हता. एकदां त्यांनीं मला हवें तें दाखविलें होतें. म्हणून त्या ओळीची हुबेहूब नक्कल करून ती दोघा मोडी जाणणारांकडे पाठविली. एक तालुक्याच्या गांवचे, एक पुण्याचे. मी काय वाचलें, मला कोणतें साल हवें आहे, यांतलें अक्षरही कळविलें नाहीं. हें मात्र मीं शहाणपणाचें केलें. दोघांचेंही उत्तर तेंच आलें: इहिदे तिसैन मया व अलफ. ११९१. म्हणजे इ. स. १७९०-९१. पुण्याच्या गृहस्थांनीं खालीं दोन ओळी जास्त लिहिल्या होत्या: "भाऊ म्हणजे साल पाहतां परशुरामभाऊ पटवर्धन असावेत. कुंभार आहे त्या अर्थीं जनावरें गाढवें असावींत." मीं न विचारतां त्यांनीं माझा घोडा उतरवून ठेवला.

आणि तें सर्व बरोबर जुळतें. १७९० सालीं पेशवे, निजाम आणि इंग्रज असे तिघे मिळून टिपूवर चालून गेले. परशुरामभाऊंच्या फौजेनें त्या पावसाळ्यानंतर धारवाडच्या किल्ल्याला वेढा दिला. टिपूचा सरदार बद्रुज्जमान खान आंत बसला होता. तो वेढा महिन्यांमागून महिने चालला आणि १७९१ च्या एप्रिलांत किल्ला पडला. पुढें ती फौज श्रीरंगपट्टणाकडे गेली. इतक्या मोठ्या स्वारीला दाणा-वैरण, तंबू, दारूगोळा, भांडीकुंडीं वाहावयास जनावरें लागत, तीं हांकणारीं माणसें लागत, आणि तीं माणसें गांवोगांवचीं असत. त्यांतला आमचा कुंभार एक. बखरींत असल्या लोकांना बाजारबुणगे म्हणून एका शब्दांत उडवून देतात.

तो धारवाडास मेला असें मी आतां लिहिणार नाहीं. कागदांत धारवाड नाहीं. गोळा लागून मेला, कीं तापानें, कीं उपासानें, तेंही कागदांत नाहीं. एकदां रिकाम्या जागीं मीं पानिपत भरलें. आतां त्याच जागीं धारवाड भरूं लागलों तर मी कांहींच शिकलों नाहीं असें होईल.

आतां महजराच्या खऱ्या गोष्टीकडे येतों. ती त्या कागदांत पहिल्यापासून होती आणि मीं सहा वर्षें तिच्यावरून उडी मारीत आलों. महजर लढाईसाठीं झालाच नव्हता. तो झाला मयताच्या बायकोसाठीं. नवरा स्वारींत गेला, बातमी आली, आणि तिच्या दिरानें गांवापुढें म्हटलें कीं कुंभारकीचें सबंध बलुतें आतां माझें; बाईमाणसानें चाक फिरवावयाचें नसतें, मग हिला बलुतें कशाचें? ती चावडीवर उभी राहिली. तिनें सांगितलें कीं माती मी मळीन, भांडीं मी थापीन, भट्टी मी लावीन. चाकावर माझा भाऊ बसेल. पोरगा शहाणा झाला कीं तो बसेल. गांवानें दोन दिवस बसून निवाडा दिला: निम्में बलुतें तिचें, मुलगा जाणता होईपर्यंत दिरानें हरकत करूं नये, आणि जनावरें परत आलीं नाहींत म्हणून दिरानें आपल्यांतलें एक गाढव तिला द्यावें. येथें मात्र गाढव हा शब्द स्पष्ट आहे. तोही मीं त्या वेळीं वाचला होता, आणि सोडून दिला होता.

लगेच पुढच्या सालीं, १७९१-९२ मध्यें, दक्षिणेंत मोठा दुष्काळ पडला हें इतिहासांत प्रसिद्ध आहे. अशा काळांत ती बाई निम्म्या बलुत्यावर पोर वाढवीत होती. तें पोर जगलें, कारण तें घर आज उभें आहे. मीं मोजून पाहिलें: त्या महजरांत नवऱ्याचें नांव दोनदां आहे आणि तिचें चारदां. माझ्या लेखांत तिचें नांव एकदांही नव्हतें.

असें कां झालें याचा मीं पुष्कळ विचार केला आहे. शाळेंतल्या पुस्तकांनीं माझ्या डोक्यांत इतिहास म्हणजे लढाई, इतिहास म्हणजे घोडा, असें बसवून दिलें होतें. राजांचा आणि सरदारांचा तो इतिहास आपला नव्हे म्हणून आपण ओरडतों, पण आपला शोधावयास निघालों कीं त्यांच्याच चौकटींत आपला माणूस बसवितों. कुंभार थोर ठरवायचा तर त्याला आधीं शिपाई करावा लागतो, असें मला वाटलें. रहाटाचीं गाडगीं पुरवून त्यानें मळा भिजविला, हें मला थोरपण वाटलें नाहीं. कुंभाराचा मास्तरानें केलेला हा अपमान होता, आणि दगडावर कोरून केलेला.

आमच्या मंडळींत मीं ही चूक प्रथम बोलून दाखविली तेव्हां दोघे-तिघे मित्र म्हणाले, "गुरुजी, गप्प बसा. दुसऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या खोट्या पोथ्या लिहिल्या, त्यांचें कोणीं काय केलें? तुमची तीस वर्षांची चूक ती काय! आणि ती आपल्या माणसाच्या बाजूची आहे. वरच्या आळीचे हंसतील."

हंसतील हें खरें आहे. हंसलेच आहेत. पण मित्रहो, "आपल्या बाजूची चूक" हा शब्द मला सावकाराच्या ओसरीवर नेऊन सोडतो. १८७५ च्या मे महिन्यांत सुप्याच्या बाजारीं शेतकरी उठले आणि पुणें-नगर जिल्ह्यांतील गांवोगांव त्यांनीं सावकारांचे रोखे हिसकून जाळले. माणसांवर राग काढण्यापेक्षां त्यांनीं कागदावर काढला, ही त्या दंग्याची खूण होती. कां? तर त्या कागदांत काय लिहिलें आहे हें लिहिणारालाच ठाऊक असे आणि ज्याचा अंगठा त्याला नसे. तीस दिले तेथें साठ, साठ दिले तेथें नव्वद, आणि ही चूक नेहमीं लिहिणाराच्या बाजूची. मीं साठ आणि नव्वद यांत गफलत केली ती उलट दिशेनें, एवढाच काय तो फरक. जोतीरावांनीं १८८३ सालीं "शेतकऱ्याचा असूड" लिहिला तो तरी कशासाठीं? अक्षर येणारा माणूस अक्षर न येणाऱ्याला कसा बुडवितो, हें दाखवावयासच ना? शाहू महाराजांनीं १९१८ सालीं कोल्हापुरांत कुळकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले, त्यांतही हेंच दुखणें होतें.

आणि आमच्या गांवीं काय झालें? एका घरानें आपलें मडकें उतरवून वाचतां येणाऱ्या माणसापुढें ठेवलें. त्या माणसानें त्यांना जें हवेंसें वाटेल आणि ज्यानें स्वतःचें नांव होईल तें वाचून दाखविलें. त्यांच्यापाशीं पडताळा पाहावयास साधन नव्हतें. त्यांनीं विश्वास ठेवला. सांगा, त्या दिवशीं कुळकर्ण्याच्या जागीं कोण बसला होता? मी जातीनें शेतकरी, आणि मनांत कपट नव्हतें, म्हणून कांहीं ती जागा बदलली नाहीं. पैसा घेतला नाहीं, पण उपरणीं घेतलीं.

जोतीरावांनीं १८७३ सालीं काढलेल्या समाजाचें नांव विजयशोधक नव्हतें. त्या नांवाचा दाखला आपण भाषणांत उठल्या-बसल्या देतों, म्हणून येथें एकच वेळ दिला.

कोणी म्हणेल, एवढ्या लहान चुकीचा एवढा गाजावाजा कशाला? याला उत्तर म्हणून आपल्या सर्वांना ठाऊक असलेली एक गोष्ट सांगतों. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९, म्हणजे १६२७ चा, असें पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांत होतें. भोर भागांतील कारीच्या जेधे देशमुखांच्या घरीं एक जुनी शकावली निघाली. तींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. ती शकावली १९१६ सालीं छापून प्रसिद्ध झाली. सरकारनें ती तारीख ठरवून टाकली २००१ सालीं. मधलीं पंचाऐंशी वर्षें वादांत गेलीं. चूक एकदां मिरवणुकींत शिरली कीं तिला बाहेर काढणें असें जड जातें. माझी चूक फक्त सहा वर्षांची आहे, तिला अजून एकच दगड आहे. आत्तांच काढली तर निघेल. आणि हेंही ध्यानांत घ्या कीं ती दुरुस्ती एका वतनदार घराच्या बासनांतून आली, आणि आमची दुरुस्ती माळ्याच्या भिंतींतून. ज्या मातीनें गाडगीं झालीं तिच्याच कराराच्या कागदानें माझा घोडा पाडला. म्हणून घरचे कागद जाळूं नका, चुलींत घालूं नका, आणि एकाच माणसाला वाचावयास देऊं नका. दोघांना द्या. पहिल्यानें काय वाचलें तें दुसऱ्याला सांगूं नका.

सर्वांत अवघड काम कुंभाराच्या घरीं जाण्याचें होतें. दोन महिने गेले ते त्याच्याचसाठीं. घरची सून दर संक्रांतीला त्या दगडापुढें सुगडें ठेवते. त्यांच्या मुलाला शाळेंत पोरें "पानिपतवाला" म्हणतात आणि तो ताठ चालतो. हें सर्व मी काढून घ्यावयास निघालों होतों. शेवटीं एका सोमवारीं शाळा सुटल्यावर गेलों. आजी ओसरीवर बसल्या होत्या. मीं सगळें सांगितलें: साठाचे नव्वद, भाऊ दुसरे, घोडा नव्हे गाढवें, आणि त्या बाईचा निवाडा. महजर पहिल्या ओळीपासून शेवटच्या निशाणीपर्यंत वाचून दाखविला, एकही शब्द न गाळतां. असा तो मीं त्या घरीं पहिल्यानेंच वाचला.

मुलगा उठून आंत गेला. सून कांहीं बोलली नाहीं. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनीं विचारलें, "त्या बाईचं नाव पुन्यांदा सांगा." मीं सांगितलें. तर म्हणाल्या, "हे नाव आमच्यात चालतंय. माज्या नंदेचं हेच. कुनाचं म्हनून ठिवलं ते म्हाईत नव्हतं." मग थोडें थांबून, "आन् मास्तर, हे सा वर्सं आदी का न्हाई वाचलंसा?"

याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मीं सांगितलें, "आजी, तुम्ही म्हणाल तर दगड माझ्या खर्चानें काढतों."

"काढू नगा," त्या म्हणाल्या. "गावानं पैका घातलाय. त्यातलं घोडं तेवढं गाढव करा."

पाथरवटाला विचारलें. तो म्हणतो, घोड्याचें गाढव होईल, कान वाढविण्यास वर दगड शिल्लक आहे आणि मान थोडी तासून घेतां येईल. पण तलवार खोल कोरली आहे, ती घांसली तर तेथें खळगा पडेल. खळगा राहूं द्या असें मीं सांगितलें आहे. सालाचे आंकडे बदलून १७९०-९१ घालावयाचे आणि खालीं त्या बाईचें नांव. तेवढी जागा पुरते. मजुरी मी देणार, वर्गणी नाहीं. येत्या बाजारच्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं तो महजर चावडीवर सबंध वाचला जाईल. वाचणारे तालुक्याचे ते मोडी जाणणारे गृहस्थ आहेत, मी नव्हे. ज्यांच्या घरीं कागद असतील त्यांनीं ते घेऊन यावें; तेथेंच दोघे बसून वाचतील. मुलगा येईल कीं नाहीं ठाऊक नाहीं. गेल्या आठवड्यांत तो शाळेवरून जातांना मला रामराम न करतां गेला.

संपादकांना माझी विनंती आहे कीं पहिला लेख ज्या पानावर आणि ज्या टाइपांत छापला होता त्याच पानावर व त्याच टाइपांत हा छापावा. आणि ज्यांनीं तो कापून घरीं ठेवला आहे, त्यांनीं हाही कापून त्याच्याशेजारीं चिकटवावा. फाडून मात्र टाकूं नये. दोन्ही राहूं द्यावेत.

— एक शाळामास्तर